कपाट हललं नाही, मग फोर्स शून्य का? एका बाबांच्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात दोन-तीन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. मुलगी अकरावीला, इथेच इंदूरला, सीबीएसई. फोर्स बरोबर मास (वस्तुमान) गुणिले अ‍ॅक्सिलरेशन (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) तोंडपाठ आहे पण फिजिक्सच्या गणितांत मार्क जातात. दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही लोखंडी कपाट सरकवायला गेलात, ते जागचं हललं नाही, आणि ती म्हणाली, बाबा, हललं नाही म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन शून्य, म्हणजे फॉर्म्युल्याप्रमाणे फोर्स पण शून्य, मग तुम्हाला घाम कशाचा आला? तुम्ही कॉमर्सवाले, उत्तर सुचलं नाही, आणि आता विचारताय की हिला समजवायचं कसं, आणि क्लास बदलायचा का.

क्लासचं शेवटी बोलू. आधी हे सांगते की पोरगी हुशार आहे हो. मी इथे बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आहे, आणि फॉर्म्युला घोकणारी बहुतेक पोरं तो कधी घरच्या कपाटाला लावून बघतच नाहीत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडत नाही आणि त्यांचे आई-बाप निर्धास्त असतात. तिनं लावून बघितला. तिचं लॉजिक शंभर टक्के बरोबर आहे, फक्त फॉर्म्युल्यातला फोर्स म्हणजे "बाबा लावतायत तो फोर्स" असं तिनं धरलंय, आणि गडबड एवढीच आहे. मार्क पण बहुतेक इथेच जात असणार.

फॉर्म्युल्यातला फोर्स कोणा एकाचा नसतो. एक वस्तू निवडायची, तिच्यावर बाहेरून जे जे कोणी फोर्स लावतंय त्या सगळ्यांची दिशेसकट बेरीज करायची, आणि ती बेरीज म्हणजे तो फोर्स. पुस्तकात त्याला नेट फोर्स म्हणतात, पण पोरं "नेट" हा शब्द वाचतात आणि सोडून देतात, कारण फॉर्म्युला लिहिताना नुसतं एफ लिहिलेलं असतं. तुम्ही कॉमर्सवाले आहात तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. दुकानात दिवसभरात दोन लाख आले आणि दोन लाख गेले, शिल्लक जिथल्या तिथे, म्हणून आज धंदाच झाला नाही असं तुम्ही म्हणाल का? अ‍ॅक्सिलरेशन फक्त शिल्लक बघतं, व्यवहार किती झाले ते त्याला दिसत नाही. तिला हे असंच सांगून बघा, बापाच्या भाषेत.

आता कपाटाचे आकडे घेऊ. समजा कपाट कपड्यांसकट ८० किलोचं आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते ८० गुणिले ९.८ (पृथ्वीच्या ओढीनी पडणाऱ्या वस्तूचं अ‍ॅक्सिलरेशन), म्हणजे ७८४ न्यूटननी (न्यूटन हे फोर्सचं माप), आणि फरशी त्याला तेवढंच वर ढकलते, तो हिशोब तिथेच मिटला. आता आडवा हिशोब. तुम्ही २०० न्यूटननी ढकललं. फरशीचं घर्षण लगेच उलट्या दिशेनी २०० लावतं, बेरीज शून्य, अ‍ॅक्सिलरेशन शून्य, फॉर्म्युला अगदी बरोबर. तुम्ही जोर वाढवून २५० केला, घर्षण पण २५० झालं. ही गोष्ट पोरांना पचत नाही, त्यांना वाटतं घर्षण म्हणजे एक ठरलेला आकडा, "म्यू एन", लावला की झालं (म्यू म्हणजे दोन पृष्ठभागांच्या पकडीचा आकडा, एन म्हणजे फरशी वस्तूला वर ढकलते तो फोर्स). पण वस्तू उभी असताना घर्षण लागेल तेवढंच येतं, आणि म्यू गुणिले एन ही फक्त त्याची वरची मर्यादा असते. म्यू समजा ०.४ धरला तर ही मर्यादा साधारण ३१४ न्यूटन झाली. तुम्ही ३२० लावलेत की कपाट सुटणार, आणि एकदा सुटलं की घर्षण थोडं कमी होतं, म्यू ०.३ धरू, म्हणजे २३५. आता शिल्लक उरली ८५ न्यूटन, ८० किलोनी भागा, अ‍ॅक्सिलरेशन साधारण १.०६ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणूनच जड कपाट हलत नाही हलत नाही आणि मग एकदम झटका देऊन सुटतं, तुम्ही अनुभवलं असेलच.

हे ०.४ आणि ०.३ मी अंदाजानी धरलेत बरं का. फरशी कोटा आहे का टाईल्स, कपाटाच्या पायांना रबर आहे का गंज, खाली पाणी सांडलंय का, ह्यावर ते आकडे पार बदलतात आणि पुस्तकात बघून तुमच्या घरचा आकडा मिळत नाही. पद्धत मात्र बदलत नाही.

आणि घामाचं उत्तर पण देऊन टाका तिला, नाहीतर ती पुन्हा विचारेल. फिजिक्सच्या भाषेत कपाट हललं नाही तर तुम्ही कपाटावर काम केलंच नाही, वर्क शून्य. पण स्नायू हे काही टेकू लावलेलं लाकूड नाही, नुसता जोर धरून ठेवायला पण आतले तंतू सारखे आखडत-सुटत राहतात आणि त्याला एनर्जी लागते, ती उष्णता होऊन बाहेर पडते. तेच कपाट तुम्ही भिंत आणि कपाट ह्यांच्यात बल्ली अडकवून दाबून ठेवलं असतं तर बल्लीला घाम आला नसता, फोर्स तेवढाच असता. म्हणजे घाम हा फोर्सचा मीटर नाहीच.

आता ह्याच कपाटावरून तिचा पुढचा प्रश्न येणार, आला नसेल तर येईल. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की तुम्ही कपाटाला जेवढं ढकलता तेवढंच कपाट तुम्हाला उलटं ढकलतं. मग ती म्हणेल, दोन्ही सारखे आणि उलटे, बेरीज नेहमीच शून्य, मग जगात काही हलतंच कसं? इथे भलीभली पोरं अडकतात, आणि खरं सांगायचं तर काही शिकवणारे पण "ते वेगळं असतं" म्हणून पुढे निघून जातात. उत्तर सोपं आहे: ते दोन फोर्स दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. एक कपाटाच्या खात्यात जातो, दुसरा तुमच्या. कपाटाचा हिशोब करताना तुमच्यावर काय लागतंय ते मधे आणायचंच नाही.

आणि तुमच्या खात्याचा हिशोब केला तर एक मजेदार गोष्ट निघते. तुम्ही कपाटाला ३२० लावले तर कपाट तुम्हाला ३२० नी मागे ढकलणार, आणि तुम्ही मागे घसरू नये म्हणून तुमच्या पायाखालच्या फरशीला तुम्हाला ३२० नी पुढे ढकलावं लागेल. तुमचं वजन ७० किलो धरलं आणि तुमच्या पायांची पकड पण कपाटासारखीच ०.४ असली, तर फरशी तुम्हाला जास्तीत जास्त २७४ न्यूटन देऊ शकते. म्हणजे आडवं ढकलत असाल तर कपाट सुटायच्या आधी तुम्हीच मागे सरकणार, मग दंडात कितीही ताकद असो! मोजे घालून किंवा पोछा मारल्या मारल्या ढकलायला गेलं की हेच होतं. अनवाणी, कोरड्या फरशीवर पायाची पकड ०.६ मिळाली तर ४१२ न्यूटनपर्यंत जाता येतं, मग जमेल. किंवा मुलीला बरोबर घ्या, किंवा कपाट रिकामं करा, घरातल्या बायका पहिल्यापासून हेच सांगत असतात. तुमचं त्या दिवशी नेमकं काय झालं, पाय घसरत होते का पाय रोवलेले असूनही कपाट हललं नाही, ते तिला आठवायला सांगा, दोन्हीचं गणित वेगळं आहे.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: एक वस्तू निवडा, तिच्यावरच्याच फोर्सची बेरीज करा, ती बेरीज मासने भागा, अ‍ॅक्सिलरेशन आलं. बाकी सगळं ह्याचंच निरनिराळ्या ठिकाणी लावणं आहे.

दुसरी गाठ वेगाची असते. पोरांच्या मनात (आणि मोठ्यांच्याही) पक्कं बसलेलं असतं की वेग आहे म्हणजे फोर्स आहे, जास्त वेग म्हणजे जास्त फोर्स. तुम्ही उज्जैन रोडला गाडी एकसारखी ८० वर धरलीत, काटा हलत नाही, तर अ‍ॅक्सिलरेशन शून्य आणि शिल्लक फोर्स पण शून्य. मग पेट्रोल कशाला जळतंय? हवा आणि टायरचा रोध मिळून छोट्या गाडीला त्या वेगाला साधारण ३००-३५० न्यूटन मागे खेचत असतात, गाडीप्रमाणे कमीजास्त, आणि इंजिन चाकांमार्फत तेवढंच पुढे लावतं. आता पाय काढून न्यूट्रल केलं तर पुढचा फोर्स गेला, मागचे ३३० वगैरे राहिले, गाडी १००० किलोची असेल तर दर सेकंदाला वेग ०.३३ मीटर प्रति सेकंदानी म्हणजे ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास कमी होतो. रस्ता सपाट आणि मोकळा असेल तेव्हा तिला मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावून काटा बघायला सांगा, गाडी तुम्ही चालवा, तिनं मोजायचं. पाच सेकंदांत सहा-एक किलोमीटरनी काटा उतरायला हवा. थोडा जास्त-कमी आला तर का, ह्यावर बोला, चढ होता का, वारा होता का, गाडीत किती माणसं होती. अशा पंधरा मिनिटांत जे डोक्यात शिरतं ते तासभर लेक्चर देऊन शिरत नाही.

ही वेगाची समजूत चुकीची म्हणून तिला हसू नका, माणसाला ह्यातनं बाहेर यायला शतकं लागलीत. अ‍ॅरिस्टॉटलपासून लोक असंच मानत होते, कारण रोजच्या आयुष्यात घर्षण नसलेलं काही दिसतच नाही, ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते. गॅलिलिओनी उतारावर गोळे सोडून मोजमाप केलं तेव्हा पहिल्यांदा नीट दिसायला लागलं. न्यूटननी नियम छापला १६८७ साली, पण त्यानी आपला आजचा फॉर्म्युला असा लिहिलेला नव्हता, त्याचं म्हणणं होतं की गतीच्या मात्रेत म्हणजे आपण ज्याला मोमेंटम म्हणतो त्यात जो बदल होतो तो लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि त्याच दिशेला होतो. आपण शाळेत शिकतो ती मास-अ‍ॅक्सिलरेशनवाली मांडणी, तीन दिशांची तीन समीकरणं करून कुठल्याही वस्तूला लावायची, ती ऑयलर नावाच्या गणितज्ञानी १७५० मध्ये मांडली. म्हणजे न्यूटननंतर पण साठेक वर्षं गेली, आणि आपल्या पोरीला ते दोन आठवड्यात यायला हवं असतं.

आता एक असं उदाहरण देते जे मला फार आवडतं आणि आपल्या घरचं आहे. पातालपाणी ते कालाकुंड घाटाची गाडी तुम्हाला माहीत असेलच, पावसाळ्यात सगळं इंदूर तिकडे जातं (कालाकुंडला पळसाच्या पानातलं कलाकंद खाल्लं नसेल तर फिजिक्स राहू द्या, आधी ते खा). तिथला चढ १ ला ४० आहे, म्हणजे ४० मीटर जाल तेव्हा १ मीटर वर. समजा इंजिनामागे चार डबे आहेत, प्रत्येकी ३० टन, हिशोबाला सोपं म्हणून धरते, आणि चाकांचा रोध तूर्त सोडून देते.

सपाटीवर गाडी ०.१ च्या अ‍ॅक्सिलरेशननी निघाली. इंजिन आणि पहिला डबा ह्यांच्यातल्या कपलिंगला किती ताण? इथे सगळा खेळ वस्तू निवडण्यात आहे. चारही डबे मिळून एक वस्तू धरा, मास १,२०,००० किलो, गुणिले ०.१, झाले १२,००० न्यूटन. आता शेवटच्या दोन डब्यांच्या मधलं कपलिंग? आता वस्तू म्हणजे फक्त शेवटचा डबा, ३०,००० किलो, म्हणून ३,००० न्यूटन. गाडी एकच, अ‍ॅक्सिलरेशन एकच, पण ताण जागोजागी वेगळा, पुढे जास्त मागे कमी, कारण पहिल्या कपलिंगला मागच्या सगळ्यांना ओढायचंय आणि शेवटच्याला एकालाच.

आता तीच गाडी कालाकुंडहून पातालपाणीकडे चढाला लावा. चढावर गुरुत्वाकर्षणाचा एक हिस्सा गाडीला मागे ओढतो, १ ला ४० मध्ये तो दर किलोला ९.८ भागिले ४०, म्हणजे ०.२४५ न्यूटन. चार डब्यांना झाले २९,४०० न्यूटन. म्हणजे नुसतं एकसारख्या वेगानी चढायचं, अ‍ॅक्सिलरेशन शून्य, तरी पहिल्या कपलिंगवर २९,४०० चा ताण. आणि चढावर ०.१ नी वेग वाढवायचा म्हटलं तर ४१,४००. ह्या आकड्यांकडे जरा बघा. वेग वाढवायला लागले १२,००० आणि वेग न वाढवता नुसतं चढायला त्याच्या अडीचपट. तुमच्या कपाटाची गोष्ट हीच आहे, फक्त इथे गाडी हलते आहे आणि तरी शिल्लक शून्य. घाटात मागून दुसरं इंजिन का लावतात तेही ह्यातच आलं: मागून ढकललं की पुढच्या कपलिंगवरचा ताण कमी होतो, नुसती ताकद वाढते एवढंच नाही.

वळणाबद्दल थोडक्यात. पिथमपूरला गाड्या टेस्ट करायचा तो ११.३ किलोमीटरचा ओव्हल ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे समजा एक गाडी काटा न हलवता १८० नी फिरते आहे, सेकंदाला ५० मीटर. सरळ भागात अ‍ॅक्सिलरेशन शून्य. वळणावर मात्र आहे, काटा तोच असला तरी, कारण दिशा बदलते. वळणाची त्रिज्या १ किलोमीटर धरली तर ५० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे २.५, १००० किलोच्या गाडीला २,५०० न्यूटन आतल्या बाजूला लागणार, आणि ते देणार रस्ता, थोडे घर्षणातून आणि ट्रॅक तिरका असला तर त्याच्या तिरकेपणातून. फोर्सची आकृती काढताना प्रत्येक फोर्सला एक बाण असतो, आणि पोरं इथे "सेंट्रिपिटल फोर्स" नावाचा एक जास्तीचा बाण काढतात. असा वेगळा फोर्स नसतो, आधीच जे फोर्स आहेत त्यांची बेरीज केंद्राकडे निघते, तिचं ते नाव आहे.

ह्यावरनं मी पोरांना एकच सवय लावते आणि तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी तुम्ही घरी ती लावू शकता. तिनं आकृतीत कुठलाही बाण काढला की विचारायचं: हा फोर्स कोणावर, आणि लावतंय कोण? उत्तरात दोन वस्तूंची नावं आली पाहिजेत. "कपाटावर, फरशी लावते." "माझ्यावर, पृथ्वी लावते." जर ती म्हणाली "लावत कोणी नाही, तो आपोआप असतो", तर तो बाण पुसायला लावा. मास गुणिले अ‍ॅक्सिलरेशन हा बाण काढणारी पोरं ह्याच प्रश्नात सापडतात, कारण तो लावणारा कोणीच नसतो, तो फक्त बेरजेचं उत्तर असतो. सिटी बसनी ब्रेक मारला आणि आपण पुढे गेलो, "कोणी ढकललं?" कोणीच नाही, बस थांबली आणि आपण होतो त्याच वेगानी चालत राहिलो, मग दांडा पकडला तेव्हा दांड्यानी आपल्याला मागे ओढून थांबवलं. हे दोन प्रश्न विचारायला फिजिक्सची डिग्री लागत नाही, फक्त चिकाटी लागते, पोरं दोन दिवस वैतागतात आणि मग स्वतःच स्वतःला विचारायला लागतात.

बिल्डिंगमध्ये लिफ्ट असेल तर एक प्रयोग जरूर करा. जुना काट्याचा वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवून तिला उभं करा (डिजिटल नको, त्यातले बरेचसे एकदा आकडा लागला की अडकून बसतात). ६० किलोचा माणूस, लिफ्ट वर निघताना अ‍ॅक्सिलरेशन १ धरलं तर काटा ६६ च्या आसपास जाईल, मधे लिफ्ट एकसारखी चालत असताना परत ६०, आणि वर पोहोचून थांबताना ५४ कडे उतरेल. आपल्याकडच्या बऱ्याच लिफ्ट ह्याहून हळू सुटतात, मग फरक कमी दिसेल. बघायचं काय तर वर जाताना पूर्ण वेळ काटा जास्त राहत नाही, फक्त सुटताना राहतो. मधल्या मजल्यांना वेग आहे पण फरक नाही. वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन वेगळे आहेत हे पायाखाली दिसतं.

मासबद्दल पोरं सहसा कमी अडकतात, एक गोष्ट सोडून: जड वस्तू लवकर का पडत नाही. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरंच आहे, पण तिला वेग द्यायला पण तेवढाच जास्त फोर्स लागतो, भागाकारात मास वर पण आणि खाली पण, कटून जातं, उरतं ९.८. हीच गोष्ट ब्रेकची. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड ०.७ धरली तर ताशी ४० वरून थांबायला ९ मीटर लागतात, आणि ब्रेक चांगले असतील आणि टायरची पकडच मर्यादा असेल तर मागे कोणी बसलं म्हणून ते अंतर फारसं बदलत नाही, मास वाढलं तसं घर्षण पण वाढलं. ओल्या रस्त्यावर पकड ०.४ झाली की तेच पंधरा-सोळा मीटर होतं. आणि ताशी ८० असाल तर कोरड्यातसुद्धा ३६, वेग दुप्पट, अंतर चौपट. (ह्यात ब्रेक दाबेपर्यंत गेलेलं अंतर धरलेलं नाही. मुलगी उद्या गाडी मागेल तेव्हा हा पॅरा पुन्हा वाचा.)

आणि मास म्हणजे वजन नव्हे हे तिला पटत नसेल तर स्पेस स्टेशनचं सांगा. तिथे वजनकाट्यावर कोणी उभं राहू शकत नाही, तरी अंतराळवीरांचं मास मोजावं लागतं, तब्येतीसाठी. तिथलं एक यंत्र काय करतं, तर ठरलेल्या फोर्सनी माणसाला ओढतं, त्याचं अ‍ॅक्सिलरेशन मोजतं, आणि भागाकार करून मास सांगतं. अकरावीचा फॉर्म्युला, जसाच्या तसा.

हा फॉर्म्युला कुठे पुरा पडत नाही तेही आपल्याच गावात दिसतं. सुखनिवासकडे आरआरकॅट ही सरकारी संशोधन संस्था आहे, तिथे इंडस-२ नावाचं यंत्र, १७२ मीटरच्या घेरात इलेक्ट्रॉन फिरवतं. इलेक्ट्रॉन त्यात शिरतो ५५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे एनर्जीचं माप) आणि त्याला नेतात २५० कोटीपर्यंत, एनर्जी साडेचारपट. वेग किती वाढतो? शिरतानाच तो प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त १२९ मीटर हळू असतो, आणि शेवटी साधारण ६ मीटर हळू. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्यातले जेमतेम सव्वाशे मीटर वाढले. साधा मास-अ‍ॅक्सिलरेशनचा हिशोब इथे लावला तर उत्तर भलतंच येईल, पण न्यूटनचं मोमेंटमवालं म्हणणं, फोर्स म्हणजे दर सेकंदाला मोमेंटममध्ये होणारा बदल, ते इथे पण चालतं, मोमेंटम साडेचारपट झालेलंच असतं. परीक्षेला हे लागत नाही. पण पोरीला प्रश्न पडतात म्हणून सांगितलं, तिला आवडेल.

युनिटचं एका वाक्यात: किलोमध्ये फोर्स लिहायचा नाही आणि ताशी किलोमीटरला ५ नी गुणून १८ नी भागल्याशिवाय पुढे जायचं नाही, अर्धे मार्क इथेच सांडतात.

आता क्लास. हे मला इथे बसून सांगता येणार नाही, तिचे पेपर बघावे लागतील, आणि ते तुम्हीच बघू शकता. मार्क नेमके कुठे गेलेत ते बघा. तिरक्या उतारावरच्या गणितात साइन-कॉस उलटसुलट झालंय आणि आकृती बरोबर आहे, तर फिजिक्सचा प्रश्नच नाही, दहावीची ट्रिग्नॉमेट्री पक्की करा, आठवड्याभराचं काम आहे. आकृतीच काढलेली नाही आणि थेट आकडे फॉर्म्युल्यात टाकलेत, तर मग क्लासमध्ये आकृत्या काढून घेतात का ते विचारा. भंवरकुआंला असे क्लास आहेत जिथे फळ्यावर शंभर गणितं सुटतात आणि पोराच्या वहीत एक बाण नसतो, आणि असेही आहेत जिथे सर एकेकाची वही बघतात, बाहेरच्या बोर्डावरच्या रँकवरून त्यातलं काही कळत नाही.

तरी एक गणित देते, ते तिला करायला सांगा, तुम्ही बाजूला बसा आणि मदत करू नका. गुळगुळीत टेबलावर दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवलेत, एक ३ किलोचा, पुढे २ किलोचा. मागच्या ३ किलोच्या ठोकळ्याला १० न्यूटननी ढकललं. २ किलोच्या ठोकळ्यावर किती फोर्स लागतो?

ती म्हणाली १०, "कारण ढकललेलं पुढे जातं", तर तिला म्हणा की मग २ किलोच्या ठोकळ्याचं अ‍ॅक्सिलरेशन काढ. येईल ५. मग दोन्ही मिळून ५ किलोचं काढायला सांगा. येईल २. चिकटून चाललेल्या दोन ठोकळ्यांचं अ‍ॅक्सिलरेशन वेगवेगळं कसं, ह्यावर तिला पाच-दहा मिनिटं गप्प बसू द्या, मोबाईल लांब ठेवा. स्वतःहून ४ न्यूटनवर आली, आणि उरलेले ६ कुठे गेले हेही सांगू शकली (३ किलोच्या ठोकळ्याला १० पुढे, पुढच्या ठोकळ्याकडून ४ मागे, शिल्लक ६, भागिले ३, परत २), तर क्लास आहे तोच राहू द्या, ह्या पोरीला नवीन सर नकोत, थोडा वेळ हवाय. दहा मिनिटांनी पण १० वरच अडून बसली तर कोणीतरी समोर बसून तिच्याकडून रोज दोन-तीन अशी गणितं आकृतीसकट करून घ्यायला हवीत, मग तो क्लास असो, शाळेतल्या मॅडम असोत किंवा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा दादा. आणि तिनं तुम्हाला उलटं विचारलं की हाताने ३ च्या ऐवजी २ किलोच्या बाजूनी ढकललं तर मधला फोर्स किती, तर उत्तर ६ आहे, पण ते लगेच सांगू नका.